तीन गुंठ्यांची हिरवळ

आधीच सांगून ठेवतो, हरभरा मी पेरला नाही. मी लॉन लावलं होतं. लॉनचा हरभरा कसा झाला हे विचारायला रोज कुणी ना कुणी फाटकाशी येऊन उभं राहतं. प्रत्येकाला मुळापासून सांगता सांगता माझा घसा बसलाय, आणि वर "काका, जरा सावकाश सांगा, मजा येतीय" असं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. ज्याला हसायचंय त्यानं आपापल्या घरी हसावं.

लातुरातली आमची हरितविहार कॉलनी. नावात हरित आहे, तेवढंच. कॉलनीच्या मधोमध एक बाग आहे. बाग म्हणजे चालायला सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट, मान तुटलेला सिमेंटचा जिराफ, बायका ज्यांच्यावर गोधड्या वाळत घालतात ती व्यायामाची पिवळी यंत्रं, आणि 'फुले तोडू नयेत' अशी ठळक पाटी. बागेत फूलच नसल्यामुळं हा नियम आजवर कुणी मोडलेला नाही. एका कोपऱ्यात मात्र तीन गुंठे उघडी माती शिल्लक राहिली होती. ठोकळे कमी पडले म्हणून राहिली, असं जाणकार सांगतात.

त्या मातीत माझी माय, कस्तुराबाई, वय वर्षं ब्याऐंशी, रोज संध्याकाळी चपला काढून बसते. शिरूर अनंतपाळचं शेत विकून आम्ही इथं घर बांधलं तेव्हापासूनचा हा तिचा नेम. पायाला माती लागली न्हाई की झोप लागत न्हाई, असं तिचं म्हणणं. घरात मी साडेतीन हजारांची गादी आणून दिलीय. तिच्यावर मांजर झोपतं.

सप्टेंबरात बागेच्या फाटकावर महापालिकेचा एक कागद चिकटला. 'सदर कोपरा विनावापर पडून असल्याने तेथे ठोकळे बसवून दुचाकी वाहनतळ करण्यात येईल. नागरिकांनी जागा दत्तक घेऊन डिसेंबरअखेर हिरवळ निर्माण केल्यास, पाहणी करून फेरविचार होईल.' मी तो मायला मोठ्यानं वाचून दाखवला.

"मग म्या कुठं बसू रे?" एवढंच म्हणाली.

मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की माझ्यातला कर्मचारी जागा होतो. म्हटलं, "माय, चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलीत मी. तीन गुंठे हिरवे करणं म्हणजे काय मोठं!" माझी बायको उज्वला आतून म्हणाली, "चौतीस वर्षांत दारातली तुळस जगवली न्हाई." असल्या बोलण्याकडं मी लक्ष देत नाही. मी खात्यात वरिष्ठ लिपिक होतो. पाणी सोडायचं काम दुसऱ्यांकडं होतं, माझ्याकडं पाण्याच्या फायली होत्या, आणि त्यातली एकही कधी गळली नाही.

दत्तक घ्यायचा अर्ज चार पानी निघाला. त्यात एक रकाना होता, 'पाण्याचा स्रोत'. आता आमच्या नळाला पाणी येतं आठव्या दिवशी, तेही पाहुण्यासारखं, दोन घटका बसून जातं. बागेतली बोअर कधीच आटलेली. मी रकाना रिकामा सोडला तर खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, स्रोत रिकामा चालत नाही." मी चिडून लिहिलं, 'परमेश्वर'. आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'स्रोताचे संमतीपत्र जोडावे.'

शेवटी गफूरभाईंना गाठलं. गफूरभाई आमच्या तीन घरं पलीकडं राहतात आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळं लातूरच्या पोटात कुठं काय आहे आणि काय नाही हे त्यांना बरोबर ठाऊक. ते म्हणाले, "देखो साहब, मेरेकू मोटार सुधारने आती, जमीन नै. माझ्या बोअरला बी दिसाला दोनच टाक्या पाणी हाय. पण अम्मा तिथं बसती, तर न्हाई कसं म्हणू?" आणि त्यांनी वहीच्या पानावर संमतीपत्र लिहून दिलं, 'पाणी राहिलं तर देतो.' ऑफिसनं ते मंजूर केलं. इतकं खरं वाक्य त्या फायलीत दुसरं नसेल.

मी नर्सरीतून चटईसारखं गुंडाळलेलं लॉन आणलं आणि अंथरलं. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. गफूरभाईंची पाइप, घरोघरच्या भाज्या धुतलेल्या पाण्याच्या बादल्या, असं करून मी ते जगवायला लागलो. कॉलनीतलं एकमेव गार, ओलं अंथरूण झालं म्हटल्यावर सात गल्ल्यांतली कुत्री तिथं दुपारच्या झोपेला यायला लागली. मी काठी घेऊन बसलो की ती एक डोळा उघडायची, मला बघायची आणि कूस बदलायची.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. आमच्या कॉलनीत मास्तर आहेत, बँकवाले आहेत, कंपाउंडर आहेत, पण कुणाचंही कातडं खरवडलं तर खाली शेतकरीच निघतो. गुरुबसप्पा हे आमचे उदगीरकडचे शेजारी, धान्याची आडत करतात. रोज सकाळी येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. "येन री रामलिंगराव, हे जनावरं खातात का?"

"नाही."

"माणसं खातात?"

"नाही हो."

"अय्यय्यो! मग पाणी कामून घालायचं री?"

मी म्हटलं, "डोळ्यांना गारवा मिळतो." त्यांनी लॉनकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "काकडी ठेवा की डोळ्यांवर."

तरीही तीन आठवड्यांनी लॉननं मुळं धरली. पिवळं का होईना, जित्तं होतं. मी ऑफिसात जाऊन प्रगती कळवायची म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब जागेवर नव्हते, त्यांची वाट बघण्यात दुपार गेली. संध्याकाळी परत येऊन बघतो तर कोपऱ्यात काळीभोर, भुसभुशीत माती. लॉनचा पत्ता नाही. एका बाजूला गवताचा ढीग, आणि ढिगाशेजारी माझी माय, तिची मैत्रीण सुमनबाई आणि कॉलनीतल्या आणखी पाच म्हाताऱ्या, हातात खुरपी घेऊन, घाम पुसत, तृप्त चेहऱ्यानं बसलेल्या.

"लई तण माजलं हुतं रे," माय म्हणाली. "दुपारपासून सात जणी बसलो तवा निघालं. बघ कसं झालंय रान."

मी ओरडलो, "माय! ते लॉन होतं!"

"गवतच हुतं की."

"गवतच लावायचं असतं!"

सुमनबाईंनी मायकडं बघितलं, मायनं सुमनबाईंकडं. मग माय समजुतीच्या सुरात म्हणाली, "लेकरा, जल्मभर आमी गवत उपटलं म्हणून तू शिकलास. आन तूच आता गवत इकत आणून लावतूस? कुणाला सांगू नगंस बाबा." त्या साती जणींच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल अशी काही दया होती, की मी मुकाट्यानं त्यांची खुरपी गोळा करायला लागलो. रागावणार तरी कुणावर? ज्या माणसासाठी लॉन लावलं त्याच माणसानं ते मुळासकट उपटलं, आणि वर पाठ दुखते म्हणून रात्री माझ्याकडून बाम चोळून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुबसप्पा आले ते हातात पिशवी घेऊनच. "एवढं खुरपून ठेवलंय, मोकळं ठेवलं तर पाप लागतंय री," असं म्हणाले आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत सुमनबाईंनी काकऱ्या ओढल्या आणि गुरुबसप्पांनी हरभरा टाकला. "याला पाणी मागायचं न्हाई. थंडी पडली, दंव पडलं की झालं. हिरवं पाहिजे न्हवं तुमाला? हे घ्या हिरवं." तेव्हा सांगायचा मुद्दा एवढाच, की पेरणीच्या वेळी मी फक्त हजर होतो.

आणि काय सांगू, आठ दिवसांत कोपरा हिरवागार झाला! काही न करता! माझ्या लॉनला जो जन्म दिला नाही तो त्या मातीनं हरभऱ्याला दिला. मायच्या चेहऱ्यावर तेज आलं. संध्याकाळी ती काकरीच्या कडेला बसायची आणि एकेका रोपाशी बोलायची. माझ्याशी इतकं कधी बोलली नाही.

खरा ताप पुढंच होता. लॉनच्या वेळी जे नुसते हसत होते ते हरभऱ्याच्या वेळी तज्ज्ञ झाले. घाटेअळी येईल, फवारा. फवारू नका, लेकरं खेळतात. शेंडे खुडा, फुटवा चांगला येतो. मी पाटी लावली, 'पाने तोडू नयेत', तर बायका म्हणाल्या, "आमी तोडत न्हाई काका, आमी पिकाची सेवा करून राहिलो," आणि ओटी भरभरून शेंडे भाजीला नेले. पाखरं यायला लागली म्हणून उज्वलानं बुजगावणं केलं. त्याला माझा निवृत्तीच्या समारंभातला सफारी घातला. मी घरात नसताना घातला. पाखरं घाबरली की नाही माहीत नाही, पण सकाळी फिरायला येणारे चार जण लांबून त्याला "नमस्कार साहेब" म्हणून जायचे. मी समोरून गेलो तर एकही जण मान वर करत नाही.

डिसेंबर सरत आला. हरभऱ्याचे घाटे दाण्यानं भरायला आले. आणि पाहणीच्या आधी चार दिवस आली वेळ अमावस्या.

बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, आमच्या लातुरात या दिवशी गाव ओस पडतं. कलेक्टर सुट्टी देतात, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी माणसं रानात. कडब्याची खोप करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, रानात आंबिल शिंपायची, आणि मग सतरा भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल यावर आडवा हात मारायचा. ज्याला शेत आहे तो नसणाऱ्याला ओढून नेतो, वाटसरूलाही सोडत नाही. शेत विकल्यापासून आम्ही दरवर्षी दुसऱ्याच्या रानात पाहुणे म्हणून जायचो. माय जेवायची, पण पाहुण्यासारखी, अंग चोरून.

या वर्षी तिनं जाहीर केलं, "आपलं रान हितंच हाय. म्या कुठं जात न्हाई." तिचं ऐकून कॉलनीतल्या ज्यांना शेत नाही अशा सगळ्यांनी तेच ठरवलं. गुरुबसप्पांना स्वतःचं शेत आहे, पण तेही म्हणाले की सकाळी तिकडची पूजा उरकून दुपारी इकडं येतो. मी काय करणार? मी अट घातली. उज्वलाची कपडे वाळवायची नायलॉनची दोरी हरभऱ्याभोवती बांधली आणि खोपीसमोर उभं राहून भाषण केलं. "जेवण दोरीच्या अलीकडं. पलीकडं कुणी हात लावायचा नाही. पाहणी चार दिवसांवर आहे. हा हरभरा आपला नाही, ही सरकारी हिरवळ आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. गफूरभाईंनी तर छातीवर हात ठेवला.

बाराच्या सुमारास पूजा झाली, पानं वाढली गेली, आणि फाटकाशी एक स्कूटी थांबली. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र, तिशीतली एक बाई. त्या पंचशीला मॅडम, पाहणी अधिकारी. 'बागेत खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीखाली तेव्हा दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसली होती. भज्जीचं पातेलं धरलेले गफूरभाई घाईघाईनं जिराफामागं लपले. जिराफाला मान नव्हती, त्यामुळं गफूरभाई वरून स्वच्छ दिसत होते.

"हे काय करून राहिले तुम्ही लोकं?" मॅडम म्हणाल्या. "उद्यान आहे ना हे?"

"मॅडम, पाहणी चार दिवसांनी होती. आज तर सुट्टी..."

"म्हणूनच आले. म्हटलं सुट्टीच्या दिवशी भांडायला कोणी नसेल, शांतपणे फोटो होतील. मी नांदेडची, बदलून येऊन दोनच महिने झाले. रस्ते रिकामे बघून मला वाटलं इथं बंद पुकारलाय काय!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात माय उठली. तिनं मॅडमच्या हातातली फाइल घेतली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. "आधी जेव. मग लिव्ह."

"आजी, मी ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीला भूक लागत न्हाई व्हय? चपला काढ. रानात चपला घालून जेवत न्हाईत."

मॅडमनी नाही म्हणून बघितलं. पण फाइल मांडीखाली, आणि पानात भज्जी वाढून झालेली. पान टाकून उठणं त्यांना जमेना. त्या चपला काढून मातीत बसल्या, कडक चेहऱ्यानं पहिला घास घेतला, आणि तिसऱ्या घासाला म्हणाल्या, "ह्यात काय काय घातलंय हो?" मग सात म्हाताऱ्या एकदम सांगायला लागल्या. आंबिलीचे दोन पेले झाले.

जेवण झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, एक सांगते. हिरवळीत पीक बसत नाही."

हा माझा प्रांत. मी त्यांना दोरीपाशी नेलं आणि समजावून सांगायला लागलो, की नोटिशीत 'हिरवळ निर्माण केल्यास' असं लिहिलंय, कशाची ते लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते गृहीत धरता येत नाही. चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मी बोलत होतो. बोलता बोलता माझा हात कधी दोरीपलीकडं गेला ते मला कळलं नाही, देवाशप्पथ. आमच्याकडच्या माणसाला भरल्या हरभऱ्याशेजारी हात स्वस्थ ठेवून उभं राहता येत नाही, हे खरं. मुद्द्यावर जोर देताना मी एक ढाळा, म्हणजे घाट्यांसकट अख्खं रोप, उपटला होता, घाटा सोलून तोंडात टाकला होता आणि अर्धा ढाळा मॅडमच्या हातात दिला होता. मॅडमही ऐकत ऐकत सोलत होत्या.

मागून गुरुबसप्पांचा आवाज घुमला, "रामलिंगरावांनी सुरुवात केली री!"

दोरी कुठं गेली, बघितलं नाही. पोरं घुसली, मागून बायका, मागून कंपाउंडर. कुणी ढाळे सोलायला बसलं, कुणी काटक्या पेटवून घाटे भाजले. मी ओरडत होतो, पण माझ्या तोंडात घाटा होता. अर्ध्या तासात तीन गुंठे साफ. उभा राहिला फक्त माझा सफारी.

तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं. काळे झालेले हात तसेच धरून त्या म्हणाल्या, "अगं बाई! फोटो राहिला!"

हिरवळीचा फोटो पाठवल्याशिवाय अहवाल जात नाही. फोटो नाही म्हणजे हिरवळ नाही, हिरवळ नाही म्हणजे ठोकळे. मी मायकडं बघायचं धाडस केलं नाही. गफूरभाई पुढं आले. "साहब, टेन्शन नको. उपटलेलं परत लावू." आणि खरंच, ज्याच्या हातात जो ढाळा होता तो त्यानं मातीत खोचला. अर्धे खाल्लेले, घाटे नसलेले, काही भाजून काळे झालेले. उभे राहीनात म्हणून माणसं ओणवी होऊन धरून बसली. मॅडमनी मोबाइल वर केला. चौकटीत हिरवळ होती, आणि प्रत्येक रोपाला एक हात होता.

मॅडमनी मोबाइल खाली घेतला. "नको काका. हे खोटं होईल."

गफूरभाईंनी हातातला ढाळा अलगद सोडला, तो आडवा पडला. मी रडकुंडीला आलो होतो, आणि हे मी लपवत नाही. चार महिने घासलेली वहाण, लॉन, सफारी, सगळं मीच एका घाट्यापायी घालवलं होतं.

मॅडम मायजवळ जाऊन बसल्या. "आजी, ठोकळे बसले तर पावसाळ्यात चिखल होणार नाही. तुम्हाला बसायला बरंच की."

"फरशी घरात हाय की माय," माय म्हणाली. "तितं बसून कटाळा येतो म्हणून तर म्या हितं येती. तुला आता कसं वाटलं, बसलीस तवा?"

मॅडमनी खाली बघितलं. त्यांचे पाय अजून अनवाणीच होते, बोटांत माती गेलेली. मग त्यांनी मायच्या मांडीखालून फाइल ओढून घेतली, मोबाइल खोपीकडं वळवला आणि बसलेल्या, आडव्या झालेल्या, पोटावरून हात फिरवणाऱ्या सगळ्या माणसांचा एक फोटो काढला. "दोन महिन्यांत अकरा बागा बघितल्या मी," त्या म्हणाल्या. "माणसं बसलेली पहिल्यांदा बघितली." आणि लिहायला लागल्या.

'हिरवळीची सद्यस्थिती' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पाहणीदरम्यान संपली.' 'वापरकर्त्यांची संख्या' या रकान्यासाठी त्यांनी उभं राहून मोजलं. लोक आंबिलीसाठी जागा बदलत होते, म्हणून तीनदा चुकलं. शेवटी लिहिलं, '१८६, पाहणी अधिकारी धरून.' मग शिफारशीच्या रकान्यात एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद मला दाखवला. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून असा कागद गेला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं दिसेनात.

"काय लिव्हलंय रे तिनं? वाच की," माय म्हणाली.

मी डोळे पुसून वाचलं, "माती आहे तशी राहू द्यावी."

मायनं थोडा वेळ वाट बघितली. पुढं काही येत नाही म्हटल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढंच? आन एवढ्यासाठी तू चार म्हैने पळत हुतास व्हय?"